मुर्दासना डॉक्टर

चोपड्याच्या बस स्टँडवर उतरून घरी पोचेपर्यंत मला साधारण चार गुडघे, दोन कंबरा आणि एक जुनाट खोकला भेटतो. मालक दर वेळी वेगळे, बोलणं मात्र ठरलेलं. ‘बरं झालं डॉक्टरसाहेब, भेटलात!’ मग भर रस्त्यात, रसवंतीच्या सावलीत, धोतर किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर जाते. मी वाकून बघतो. बघण्यात मी कुणाला हार जाणारा नाही. गुडघ्याची वाटी, तिच्यामागं कुर्च्यांच्या दोन चकत्या, मधोमध एकमेकांना फुली मारून गेलेले दोन बंध, मागच्या खळग्यातून खाली उतरणारी रक्तवाहिनी, हे सगळं मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. बायकोच्या म्हणण्यानुसार सांगतोही. गुडघेवाला खूष होतो. आपल्या गुडघ्यात एवढा संसार आहे हे त्याला ठाऊक नसतं. मग तो खरा प्रश्न विचारतो, ‘गोळी कोणती घेऊ?’

इथं माझी विद्या संपते. ‘हाडाच्या डॉक्टरला दाखवा,’ असं मी म्हणतो आणि तो माझ्याकडं असा बघतो, की जणू किराणा दुकानदारानं साखरेसाठी दुसऱ्या दुकानात पाठवलं.

आमच्या गल्लीतल्या एका नानांनी हा प्रकार काही वर्षं बघितला आणि एका दिवाळीत मला ओट्यावर बसवून चौकशी लावली.

‘तुना दवाखाना कोठे शे?’

‘दवाखाना नाही नाना. कॉलेजात शिकवतो.’

‘मंग पेशंट?’

‘पेशंट नाहीत. मुलांना शरीराची रचना शिकवतो. मृतदेह असतात, त्यांच्यावर.’

नानांनी सुपारी कातरणं थांबवलं. सगळ्या बाजूंनी विचार केला आणि निकाल दिला, ‘म्हंजे तू मुर्दासना डॉक्टर शे!’

एमबीबीएस आणि एमडीनंतर मला मिळालेली ही तिसरी पदवी. गावाच्या लक्षात राहिलेली एवढीच. चोपड्यात डॉक्टर किती मोठा हे त्याच्या दवाखान्याबाहेर पडलेल्या चपलांवरून ठरतं. माझ्याकडं येणाऱ्यांच्या पायांत चपला नसतात. तेव्हा माझी किंमत काय असणार!

मी या धंद्यात ठरवून आलो नाही. अ‍ॅनाटॉमीत ठरवून आलेला माणूस मी अजून फारसा पाहिलेला नाही, आणि जे दोघे-तिघे पाहिले त्यांच्यापासून जरा अंतर ठेवूनच वागलो. १९८९ साली धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. पुढच्याच वर्षी माझा तिथं नंबर लागला. खानदेशातल्या पोराला मुंबई-पुण्याला न जाता डॉक्टर होता येतं, ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. जळगावला सरकारी कॉलेज यायला तर पुढं २०१८ साल उजाडलं. माझे वडील केळीचे शेतकरी. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. हा चीक एकदा कपड्याला लागला की साबण हरतो, धुणारी हरते, शेवटी सदरा फाटतो पण डाग जात नाही. आपला पोरगा पांढरा कोट घालणार आणि त्यावर एकही डाग नसणार, एवढीच त्यांची वैद्यकशास्त्राकडून अपेक्षा होती.

पहिल्याच महिन्यात मी घरी पत्र टाकलं. ‘इकडे सर्व ठीक. बीडी घ्यायला पैसे पाठवावेत. सगळी मुलं बीडीच वापरतात. तीन घ्याव्या लागतील, सुटी मिळत नाही.’ तिसऱ्या दिवशी पहाटे वडील होस्टेलच्या दारात उभे. रात्रभर झोपले नव्हते हे डोळ्यांवरून दिसत होतं. आयुष्यात सुपारीच्या खांडाला न शिवलेला माणूस! मी त्यांना खोलीत नेलं आणि पार्टनरच्या टेबलावरचे बी. डी. चौरसियांच्या अ‍ॅनाटॉमीचे तीन जाडजूड भाग दाखवले. ग्वाल्हेरच्या या प्राध्यापकांनी भारतातल्या पोरांना कळेल अशा भाषेत पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या हातानं रेखाटता येतील अशा सोप्या आकृत्या दिल्या. पोरं त्यांना प्रेमानं ‘बीडी’ म्हणतात. वडिलांनी पहिला भाग उघडला. खांद्याच्या आकृतीकडं बराच वेळ बघितलं. पैसे काढून दिले. जाताना एवढंच म्हणाले, ‘पत्रात पुस्तक असं लिहीत जा.’

बीडीपाठोपाठ ‘बोन्स’ आले. हाडांचा संच एका सीनियरनं मला निम्म्या किमतीत विकला आणि वर बजावलं, की रात्री उशाशी घेऊन वाचायचे. सुटीत मी तो संच रेक्झिनच्या पिशवीत भरून एसटीनं चोपड्याला निघालो. अमळनेरला गाडी जरा जोरात थांबली, पिशवी वरच्या फळीवरून खाली आली, चेन उसवली आणि मांडीचं हाड गडगडत थेट कंडक्टरच्या पायाशी गेलं. गाडीत अशी शांतता पसरली, की तिकिटाच्या पेटीतली चिल्लर ऐकू यावी. कंडक्टरनं हाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘मेडिकलला आहे.’ त्यानं हाडाला हात लावला नाही की एक शब्द बोलला नाही. चोपडा येईपर्यंत माझ्या आजूबाजूची चारही बाकडी रिकामी होती. भरल्या एसटीत पाय पसरून बसायचं सुख मी त्या दिवशी पहिल्यांदा भोगलं.

घरी आल्यावर आजीनं पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मी रात्री ओसरीवर दिव्याखाली अभ्यास करायचो आणि ती आतल्या दाराशी बसून लांबूनच चौकशी करायची. हे काय, ते काय. हासळीचं हाड तिला पटलं. तिच्या आईच्या गळ्यात चांदीची हासळी होती आणि ती बरोबर त्याच हाडावर टेकायची. मग मी खुब्याचं हाड उचललं. ते आकारानं एवढं अवघड, की हाताळायला पोरं घाबरतात. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनाही ते कशासारखं दिसतं हे सांगता येईना, म्हणून त्यांनी त्याचं नावच ठेवलं ‘इनॉमिनेट’, म्हणजे नाव नसलेलं. मी आजीला तसं सांगितलं. आजी उखडली. ‘इतला मोठा हाडले नाव नही?’ बोटभर हाडाला नाव आहे, कानातल्या तांदळाएवढ्या हाडाला आहे, आणि सगळा माणूस ज्याच्यावर बसतो त्याला नाही! बारसं न झालेल्या लेकरासारखं तिला त्या हाडाचं वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पिशवी ओसरीवरच्या फडताळात आली.

एमडीला विषय वाटले गेले तेव्हाची गोष्ट केळीवाल्या घराला समजावून सांगायला सोपी होती. तोडणीच्या दिवशी भरलेले घड आधी गाडीत चढतात आणि शेवटी बांधावर उरतं ते उरतं. माझ्या गुणांचा नंबर पुकारला गेला तोवर मेडिसिन, बालरोग, डोळे, सगळी गाडी भरून निघून गेली होती. बांधावर अ‍ॅनाटॉमी होती. मी एसटीडी बूथवरून वडिलांना फोन केला, ‘अ‍ॅनाटॉमी मिळाली.’ पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग काळजीनं विचारलं, ‘ती कुठं आली? धुळ्याच्या पुढं का?’

फार पुढं, हे मला नंतर कळलं.

आपण बांधावर उरलेला माल आहोत ही सल पुढं बरीच वर्षं होती. तिच्यावर औषध सापडलं ते एका इंग्रजाच्या चरित्रात. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे नाव डॉक्टर नसलेल्यांनीही ऐकलेलं असतं. १८५८ साली लंडनमध्ये हे पुस्तक निघालं. हेन्री ग्रे यानं लिहिलं. पण ते गाजलं ते चित्रांमुळं. ३६३ चित्रं, आणि ती काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर नावाच्या शांत, मान खाली घालून काम करणाऱ्या तरुण डॉक्टरनं. शरीराच्या भागांची नावं बाजूला न लिहिता त्या त्या भागावरच लिहायची ही त्या चित्रांची खुबी. पुस्तकाच्या खपावर ग्रेला पैसे मिळत गेले. कार्टरला एकरकमी दीडशे पौंड, आणि विषय संपला. मुखपृष्ठाच्या कच्च्या प्रतीत दोघांची नावं सारख्याच टायपात होती. कार्टरचं नाव बारीक करा, असं ग्रेनं सुचवलं. मला हे वाचून परकं काहीच वाटलं नाही. आमच्याकडं संशोधनाच्या निबंधावर विभागप्रमुखाचं नाव कसं वर चढतं हे मी चांगलं बघितलं आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. पुस्तक बाहेर पडायच्या आधीच कार्टर बोटीत बसून मुंबईला आला होता. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो काय शिकवायला लागला? अ‍ॅनाटॉमी! म्हणजे जगभरची पोरं ज्याची चित्रं पाठ करणार होती, तो माणूस भायखळ्याच्या घामाघूम हवेत फळ्यापुढं उभा होता. पुढं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेला, कुष्ठरोगावर आणि पाय सुजून त्यातून दाणे बाहेर पडणाऱ्या ‘मदुरा फूट’वर काम केलं, आणि तीस वर्षं या देशात काढून १८८८ साली परत गेला. ग्रे बिचारा १८६१ सालीच, चौतिसाव्या वर्षी देवीनं गेला. पुस्तक अजून त्याच्याच नावानं खपतं. साताऱ्यात कार्टरलाही रस्त्यात कुणी धोतर वर करून गुडघा दाखवला असेल का, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो. फरक इतकाच, की त्याला गोळी सांगता येत होती.

वडिलांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘दीडशे पौंड म्हणजे तेव्हाचे किती?’

आमच्या विषयात नवीन काही निघत नाही, असा एक टोमणा फार्माकॉलॉजीवाले मारतात. त्यांना महिन्याला नवी गोळी मिळते, आम्हाला तीच २०६ हाडं. हे खरं नाही. चरकानं शरीरात ३६० हाडं मोजली, सुश्रुतानं ३००, आणि आम्ही २०६ वर येऊन थांबलो. म्हणजे आमच्या विषयात काहीच बदललं नाही असं कोण म्हणेल? त्या लोकांनी दात, नखं, कुर्च्या सगळं हाडांतच धरलं होतं, म्हणून आकडा मोठा. सुश्रुताची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. देह मुंज गवतात गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात ठेवायचा, सात रात्रींनी बाहेर काढायचा आणि वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं एकेक थर हळूहळू खरवडत आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. पोथीत वाचलंस तेवढ्यावर जाऊ नकोस, स्वतः बघ, असा त्याचा हट्ट होता. हे आज आमच्याकडं कुणी तापीच्या पात्रात करायला गेलं तर आधी पोलीस येतील, मग पत्रकार येतील आणि सुश्रुताची बदली गडचिरोलीला होईल.

मधली हजारभर वर्षं शवाला हात लावणं म्हणजे धर्म बुडणं असं झालं. १८३६ साली कलकत्त्याला पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली, असं सांगतात. मी पहिल्यांदा शवविच्छेदन करून घरी गेलो तेव्हा आजीनं मागच्या दारातून सलामी दिली, ‘पहिले आंग धोईसन घरमा ये!’

पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये येणारी पोरं मी तीस वर्षं बघतो आहे. काही तोंडाला रुमाल लावून येतात, काही उगाच मोठ्यानं हसतात, एक-दोन खाली बसतात. खाली बसणाऱ्यांत बहुधा सगळ्यात धिप्पाड पोरगा असतो. वास मृतदेहाचा नसतो, फॉर्मॅलिनचा असतो. डोळ्यांतून पाणी येतं ते त्याच्यामुळं, पण पालकांना फोनवर सांगताना पोरं ते भावनेचं म्हणून सांगतात. आठ दिवसांनी हीच पोरं त्याच टेबलाशी उभी राहून डब्यात काय आणलंय याची चर्चा करतात. तेव्हा मी ओरडतो. माणूस समोर आहे, याचं भान ठेवा. हल्ली पहिल्या दिवशी शपथ घेतात, मृतदेहाला फूल वाहतात. चांगली पद्धत आहे. आमच्या वेळी फूल नव्हतं, शिव्या होत्या. शिकवणाऱ्या सरांच्या.

कात्री-सुरी धरायला मी पोरांना एकच शिकवतो, केळीचा खांब सोलल्यासारखं काम करा. केळीच्या घरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. केळीचं खोड म्हणजे खोड नसतंच, एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे थर असतात. एक काढा, आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. पोटाची भिंत हुबेहूब अशी आहे. तीन स्नायू एकावर एक, बाहेरच्याचे तंतू तिरपे खाली, मधल्याचे उलट तिरपे, आतल्याचे आडवे. शहरातली पोरं तिन्ही थर एकाच फटक्यात कापून आतड्यापर्यंत पोचतात आणि विचारतात, ‘सर, दुसरा थर कुठं गेला?’ रावेर-यावलकडची पोरं बोटानं एकेक थर असा सुटा करतात, की बघत राहावं. यातला कुणी पुढं सर्जन झाला की मला मनातल्या मनात वाटतं, ही केळीची करामत. त्याच्या दवाखान्यातल्या पाटीवर मात्र लंडनच्या फेलोशिपचं नाव असतं.

तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, हा आमच्या धंद्यातला करमणुकीचा भाग. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, आलेला असतो, विभागात पोह्यांचा वास असतो, आणि बाहेर बाकावर पोरं ओठ हलवत बसलेली असतात. एकदा अडावदच्या बाजूची एक मुलगी आली. इंग्रजी बोलायची धास्ती, हात थरथरत होते. एक्स्टर्नलनी विचारलं, ‘अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स दाखव.’ अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ, अंगठ्याच्या बुडाशी, दोन कंडरांच्या मध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तिकडचे लोक त्यात तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून हे नाव. ही मुलगी गप्प. मी सहज मराठीत म्हटलं, ‘तपकिरीची डबी गं.’ तिचा चेहरा एकदम उजळला. ‘ती होय सर! माझी आजी रोज तिथंच चिमूट ठेवते.’ आणि तिनं अंगठा ताणला, दुसऱ्या हाताच्या चिमटीनं नसलेली तपकीर उचलून बरोबर त्या खळग्यात ठेवली. मग कडेच्या कंडरा, तळाचं नावेच्या आकाराचं हाड, त्यावरून जाणारी धमनी, पडल्यावर इथं दाबून दुखलं तर काय समजायचं, सगळं घडाघडा सांगितलं. एक्स्टर्नल दिल्लीकडचे. त्यांनी मला हळूच विचारलं, ‘ये तपकीर क्या चीज है?’ त्यांना आजी नसावी.

फॉर्मॅलिनचा वास मात्र केळीच्या चिकाचा सख्खा भाऊ. तो कपड्यांत बसतो, घड्याळाच्या पट्ट्यात बसतो, लिंबानं हात घासले तर लिंबाला लागतो. माझं लग्न ठरवताना त्यानं तीन ठिकाणी घात केला. एका ठिकाणी मुलीचे वडील बोलता बोलता खुर्ची मागं सरकवत सरकवत दारापर्यंत गेले. शिवाय सगळीकडं तोच प्रश्न, ‘हॉस्पिटल कुठं टाकणार?’ मुलगा एमडी आहे म्हटल्यावर डोळे चमकायचे, कशात एमडी हे कळल्यावर विझायचे. शेवटी जिनं हो म्हटलं तिला मी बऱ्याच वर्षांनी कारण विचारलं. तिनं सरळ सांगितलं, ‘तुमच्या पेशंटना रात्री दोन वाजता काही होत नाही. संध्याकाळी पाचला घरी येणारा डॉक्टर दुसरा कुठं मिळाला असता?’ भरताची वांगी भाजल्यावर ती सोलायचं काम घरात माझ्याकडं असतं. साल एका तुकड्यात उतरवतो. एवढ्या एका गोष्टीत सासरवाडीत माझी विद्या मान्य आहे. मटणाच्या पंगतीत मात्र नळी हातात घेऊन बोलायला मला बंदी आहे.

नोकरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्यूटर, असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर, अशा चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर एक बदली. विभागाच्या दारावर एकदा पेंटरनं ‘शरीररचनाशस्त्र विभाग’ अशी पाटी रंगवून दिली. काना सुटला होता. वर्षभर ती तशीच राहिली, आणि खरं सांगायचं तर अर्थाला काही बाध येत नव्हता. तपासणीच्या दिवसांत मात्र आमच्यासारख्यांना अचानक भाव येतो. कॉलेज चालवायला अ‍ॅनाटॉमीचे शिक्षक लागतात आणि ते मोजूनच तयार होतात. ज्या विषयाला प्रवेशाच्या दिवशी कुणी विचारत नाही त्याची हजेरी तपासणीच्या दिवशी आधी मोजतात. त्या दिवशी विभागात पुष्पगुच्छ असतो, चहा बशीतून येतो, आणि शिपाई मला ‘सर’ म्हणताना दोन र लावतो.

गेल्या पावसाळ्यात माझाच गुडघा दुखायला लागला. चार दिवस मी स्वतःला त्याची रचना समजावून सांगितली. फरक पडेना. शेवटी एका हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. बाहेर चपलाच चपला. आत नाव कळवल्यावर डॉक्टर स्वतः बाहेर आले, वाकून पाया पडले, आणि मी ओळखलं. याला मी दोनदा नापास केलं होतं, आणि नेमकं गुडघ्यावरच! त्यालाही ते आठवत असावं, कारण माझा पाय हातात घेतल्यावर त्याच्या कपाळावर घाम आला. मला राहवलं नाही. ‘पुढचा क्रूशिएट बंध कुठून निघतो?’ त्यानं खाली बघत, पण अचूक सांगितलं. ‘आणि मागचा?’ तेही सांगितलं. नर्स तोंडाला हात लावून उभी होती. मी म्हणालो, ‘पास.’ तो मोकळेपणी हसला आणि चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं. मी ते नाव घरी येईपर्यंत तीनदा वाचलं. आता चोपड्याच्या रस्त्यात मी निदान एका गुडघ्याला उत्तर देऊ शकतो. पण बायको देऊ देत नाही.

खरा मान मला चोपड्यात एकाच माणसाकडून मिळतो. मराठी शाळेत मला मुळाक्षरं शिकवलेले गुरुजी. वय शहाऐंशी. त्यांनी देहदानाचा अर्ज भरला आहे. कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलं आहे आणि ते सदऱ्याच्या आतल्या खिशात, पेन्शनच्या पुस्तकाला चिकटून असतं. कायद्यानुसार आमच्याकडं बेवारस देह येतात. आपल्या नावानिशी, आपल्या पायांनी चालत येऊन अर्ज भरणारे थोडे. त्यांतले हे एक. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन झाला की त्याच दिवशी ते मला फोन करतात. ‘बँकेला कळवलं, तुलाही कळवतो. यंदा नाही.’

त्यांना सगळ्याची नीट व्यवस्था लागते. सहा तासांच्या आत देह पोचला तर बरं, असं मी एकदा बोलून गेलो. तेव्हापासून ते वेळापत्रक मांडत बसले आहेत.

‘रात्री गेलो तर सकाळपर्यंत थांबायचं की लगेच निघायचं?’

‘लगेच, गुरुजी.’

‘तापीला पूर असला तर?’

‘आता पूल आहे.’

‘पूल आहे रे, पण गाडीचा ड्रायव्हर जेवायला गेलेला असला तर?’ मग स्वतःच ठरवतात, ‘मे महिना मात्र नको. त्या उन्हात जळगावच्या कॉलेजपर्यंत माल टिकणार नाही.’ केळीच्या गावातला माणूस, त्यामुळं मालाची वाहतूक त्यांना कळते. घरच्यांनी अडवलं तर काय, हा त्यांचा दुसरा घोर. मी सांगितलं, की कार्ड असलं तरी शेवटी घरच्यांनी आणून दिलं तरच. त्यावर त्यांनी दोन्ही मुलांना आणि तिन्ही सुनांना समोर बसवून पाढे म्हणून घ्यावेत तसं वदवून घेतलं आहे. दोन मुलांना तीन सुना कशा, असं कुणी विचारील. धाकट्या पुतण्याची बायकोही त्यांनी धरून आणली होती. साक्षीदार जास्त असलेले बरे.

या दिवाळीला मी भेटायला गेलो तर ते वाटच बघत होते. खुर्चीत बसवलं, दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला.

‘एक सांगायचं राहून गेलंय. माझं अपेंडिक्स नाही. १९७१ साली धुळ्याला काढलं.’

‘काही हरकत नाही गुरुजी.’

‘हरकत कशी नाही? पोरं शोधत बसतील. एखादं गरीब पोर घाबरून जाईल, आपल्यालाच सापडत नाही म्हणून. आधीच लिहून ठेव.’

मी खिशातली डायरी काढली आणि लिहिलं. त्यांनी हात पुढं केला. मी डायरी दिली. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, माझ्याच हातातलं पेन काढून घेतलं आणि ‘पे’वर राहून गेलेला अनुस्वार दिला.